लालपरी प्लेस्टेशनवर का चढत नाही?

“काका, मोबाईलवर जाता, मगे हेच्यार कित्याक नाय?”

मे महिन्यात कुणकेश्वरच्या घरी पुतण्याने हा प्रश्न टाकला. त्याच्या हातातल्या फोनवर ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’ चालू होता, आणि इंडोनेशियातल्या रस्त्यावरून आपली लाल एस्टी धावत होती. टीव्हीखाली मुंबईहून आलेल्या चुलतभावाचा प्लेस्टेशन ४ हा गेम-कन्सोल होता. त्यातही बसचा एक गेम होता, रस्ते जास्त देखणे, बस मात्र परदेशी. पुतण्याला तिथे एस्टी हवी होती.

मालेओ या इंडोनेशियन कंपनीचा तो मोबाईल गेम २०१७ चा. त्यात खेळणाऱ्याने बनवलेली गाडी घालायची सोय आहे, त्यामुळे केरळच्या खाजगी बसपासून आपल्या एसटी महामंडळाच्या लालपरीपर्यंत सगळं त्यात येऊन बसलं. पुतण्याने स्वतः केलेली लिव्हरी मला दाखवली. लिव्हरी म्हणजे बसची कातडी सोलून सपाट पसरल्यासारखं चित्र: टप एकीकडे, दारं दुसरीकडे, मधे लाल पट्टा. त्यावर त्याने ‘देवगड–कुणकेश्वर’ लिहिलं होतं. पण त्या साच्यात बसच्या दोन्ही बाजूंना चित्राचा एकच तुकडा वापरला जात होता, म्हणून दरवाजाच्या बाजूने पाटी सरळ आणि ड्रायव्हरच्या बाजूने कुणकेश्वर उलटा. दोन दिवस तो त्याच्याशी झगडत होता.

त्याच्या प्रश्नाला घरात लगेच तीन उत्तरं मिळाली. तिन्ही चुकीची होती.

पहिलं चुलतभावाचं: “त्यासाठी कन्सोल मॉड करून घ्यावा लागतो.” हा घोटाळा आपल्याकडे जुना आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर ‘मॉड केलेला’ म्हणजे चिप बसवलेला प्लेस्टेशन, ज्यावर नक्कल केलेल्या सीडी चालतात. मीही तरुणपणी तिथल्या एका दुकानातून असा एक घेतला होता. वर्षभरात तो सीडी ओळखेनासा झाला आणि दुकानदार मला. पण चिप बसवणं म्हणजे यंत्राचं कुलूप तोडणं. गेमचा मॉड ही वेगळी वस्तू: गेम विकत घेतलेल्या माणसाने त्या गेमसाठी बनवलेली नवी गाडी, नवा नकाशा, नवी गोष्ट. आणि कुलूप तोडण्याबद्दल कायदाही आहे. २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या कॉपीराइट कायद्यात ६५-अ हे कलम आलं. हक्कभंगाच्या हेतूने असं संरक्षण तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो.

दुसरं उत्तर: “कन्सोलची ताकद कमी पडते.” हे अर्धवट खरं, म्हणून जास्त फसवं. प्लेस्टेशन ४ मध्ये ८ जीबी मेमरी असते, त्यातलीही सगळी गेमला मिळत नाही. पीसीवर माणूस शे-दीडशे मॉड एकावर एक रचतो आणि गेम बंद पडला की स्वतःच निस्तरतो. कन्सोलवर तशी मुभा नसते. तरीही एका एस्टीच्या चित्राने प्लेस्टेशनला धाप लागणार नाही, कारण पुतण्याच्या फोनलाही ती लागत नव्हती.

खरी अडचण समजायला मला त्या दिवशी पडवीतली आंब्याची पेटी कामी आली. देवगड हापूसच्या नावावर कुठलाही आंबा खपवला जातो, म्हणून अलीकडे देवगडच्या उत्पादक संस्थेने फळाफळावर वेगळा क्रमांक असलेलं स्टिकर लावायला सुरुवात केली. कन्सोलचं तसंच आहे. त्याच्यावर चालणाऱ्या प्रत्येक कोडवर कंपनीची डिजिटल सही लागते. सही नसेल तर यंत्र तो कोड उघडतही नाही. फळ आंबट की गोड हा प्रश्न तिथे येतच नाही.

आता मॉड म्हणजे एकच पदार्थ नव्हे. पुतण्याची लिव्हरी हे नुसतं चित्र. बसचा सांगाडा हे त्रिमिती मॉडेल, सोबत इंजिनाचा आवाज. आणि ‘हे बटण दाबलं की अमुक व्हावं’ हा कोड. चित्र आणि मॉडेल ही माहिती; कोड म्हणजे यंत्राला दिलेला हुकूम. पीसीवर ‘स्कायरिम’ या गेमचे कितीतरी मोठे मॉड ‘स्क्रिप्ट एक्स्टेंडर’ नावाच्या जोडणीवर उभे आहेत. ही जोडणी चालू गेमच्या पोटात शिरून स्वतःचा कोड चालवते. कन्सोलवर तिला सही कोण देणार? म्हणून तिच्यावर टेकलेला एकही मॉड कन्सोलवर येत नाही.

तिसरं उत्तर पुतण्याचंच: “सोनीक मॉड नकोच असतत.” सोनी म्हणजे प्लेस्टेशनची कंपनी. या उत्तराच्या बाजूने पुरावा भक्कम आहे. ‘फॉलआउट ४’ या गेमचे मॉड मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स वनवर ३१ मे २०१६ ला आले. प्लेस्टेशनवाले वाट बघत राहिले. सप्टेंबरात गेमची कंपनी बेथेस्डा हिने जाहीर केलं की सोनीची परवानगी मिळत नाही. ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलं की मिळाली, पण अटीवर. बाहेरून आणलेलं काहीही चालणार नाही: ना नवं मॉडेल, ना नवं चित्र, ना नवा आवाज. गेममध्ये आधीपासून आहे तेच हलवा, रंगवा, वाढवा. जागाही मोजकी, ९०० एमबी. एक्सबॉक्सवर त्याच गेमला २ जीबी. त्याच महिन्यात आलेल्या ‘स्कायरिम’च्या नव्या आवृत्तीत ही तफावत १ विरुद्ध ५ जीबी अशी होती. म्हणजे लग्नाला या, पण घरात आहे त्याच कपड्यांत. या अटीत लालपरी बसत नाही, कारण ती मुळात त्या घरातली नाहीच.

पण आता उलटी गंमत. ‘अनरियल टूर्नामेंट ३’ हा गेम प्लेस्टेशन ३ वर २००७ च्या अखेरीस आला तेव्हा त्यात मॉड चालत होते. पीसीवर बनवायचे, प्लेस्टेशनसाठी रूपांतरित करायचे, यूएसबीवर घालून न्यायचे. पुढच्या वर्षी तोच गेम एक्सबॉक्स ३६० वर आला, तेव्हा ही सोय तिथे नव्हती. सोनीने दार उघडं ठेवलं होतं आणि मायक्रोसॉफ्टच्या यंत्रावर ते बंद होतं. त्यामुळे ‘अमुक कंपनी चांगली, तमुक वाईट’ हा वाद मला क्रिकेटमधल्या निवड समितीवरच्या वादाइतकाच निष्फळ वाटतो. प्रश्न दर वेळी एकच असतो: उद्या काही बिघडलं तर कोणाच्या नावावर?

आणि बिघडतं. २००५ मध्ये ‘जीटीए सॅन आन्द्रेयास’च्या डिस्कवर लपवून ठेवलेला अश्लील भाग एका मॉडने उघडा केला. भाग कंपनीचा, कुलूप काढलं बाहेरच्या माणसाने. पण अमेरिकेतल्या मानांकन संस्थेने गेमला थेट ‘फक्त प्रौढांसाठी’ केलं आणि मोठमोठ्या दुकानांनी तो फळीवरून काढला. पुढच्याच वर्षी ‘ओब्लिव्हियन’ या गेमचंही मानांकन वर सरकलं, रक्तपात हे एक कारण होतं, एका मॉडने उघडं पाडलेलं चित्र हे दुसरं. आपल्या घरच्या टीव्हीखालचं यंत्र पोरंबाळं वापरतात असं गृहीत धरून धंदा करणाऱ्यांना हे पुरेसं होतं.

चोरी हा वेगळाच विषय, आणि तो कंपन्यांपेक्षा मॉड करणाऱ्यांना जास्त जाळतो. ‘फॉलआउट ४’चे मॉड एक्सबॉक्सवर येताच काहींनी पीसीवरचे दुसऱ्याचे मॉड उचलून आपल्या नावाने चढवले. मूळ कर्त्यांना तक्रारी करत फिरावं लागलं; काहींकडे एक्सबॉक्सही नव्हता आणि त्यावर लोक त्यांनाच विचारत होते की तुमचा मॉड का अडकतो. आपल्या लालपरीचंही कागदोपत्री बघा. लाल रंग कोणाच्या मालकीचा नाही, पण बोधचिन्ह महामंडळाचं आहे. फोनच्या फोल्डरमध्ये ते कोणी विचारत नाही. कन्सोलच्या अधिकृत यादीत मात्र दुसऱ्याचं साहित्य परवानगीशिवाय आणू नये हा नियम असतो.

“मॉड म्हणजे पोरांचा टाइमपास,” असं माझ्या थोरल्या भावाचं मत. त्याच्याच मुलाने बीजीएमआयसाठी त्याची झोप घालवलेली आहे. तो गेम पब्जीचा भारतीय अवतार, आणि पब्जीचं मूळ ब्रेंडन ग्रीनने ‘आर्मा २’ या गेमसाठी केलेल्या मॉडमध्ये आहे. पब्जी पुढे एक्सबॉक्स आणि प्लेस्टेशनवरही गेला, पण स्वतंत्र गेम होऊन. ‘द फरगॉटन सिटी’ हा ‘स्कायरिम’चा मॉडही असाच, त्याच्या कर्त्याने तो नव्याने बांधला आणि २०२१ मध्ये कन्सोलवर आणला. अख्खा गेम होऊन रांगेत उभं राहिलं तर दार उघडतं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० मध्ये निन्टेन्डो स्विचवर गेलाच की.

मॉड मॉडच ठेवून आत शिरायची वाटही आहे, आणि ती शेतीच्या गेमने दाखवली हे मला फार आवडतं. ‘फार्मिंग सिम्युलेटर १७’ ऑक्टोबर २०१६ मध्ये आला, म्हणजे फॉलआउटची घासाघीस मिटली त्याच महिन्यात. त्यात कन्सोलवरही मॉड आहेत, तेही नवे ट्रॅक्टर, नव्या ट्रॉल्या. फरक एवढाच की प्रत्येक मॉड आधी जायंट्स या कंपनीकडे जातो, तिथे तपासला जातो आणि मग त्यांच्याच मॉडहबवरून बाहेर पडतो. जबाबदारी घेणारा माणूस सापडला. ‘बाल्डर्स गेट ३’ने २०२४ मध्ये हीच वाट धरली: पीसीवर ढीग, कन्सोलवर त्यातले निवडक.

हे सगळं ऐकून पुतण्याचे डोळे चमकले. मग शेतीच्या गेममध्ये एस्टी बनवून पाठवली तर?

तत्त्वतः जाईल, मी म्हटलं. सांगाडा जाईल, लाल रंग जाईल, बोधचिन्ह काढलंस तर पाटीही जाईल. मात्र कन्सोलच्या मॉडमध्ये स्वतःचा स्क्रिप्ट-कोड चालत नाही. जे गेमच्या मूळ गाड्यांना जमतं तेवढंच तुझ्या एस्टीला जमणार.

“म्हणजे काय नाय जमाचा?”

समजा, कंडक्टरने दोरी ओढली, घंटी वाजली आणि डबल बेल झाल्यावरच गाडी हलली, असं तुला हवं असेल. त्याला कोड लागेल. ते नाही जमणार.

त्याने प्लेस्टेशनचा कंट्रोलर चुलतभावाकडे सरकवला आणि पुन्हा फोन उचलला.

“घंटी नाय तर ती एस्टी कसली?”