‘चिअर’ : मुद्रा, उल्हास आणि धीर

इंग्रजी प्रवचनसंग्रहांच्या आधारे मराठीत उपदेश तयार करताना ‘चिअर’ हा शब्द वारंवार समोर येतो. त्याचा ‘आनंद’ असा सरधोपट अनुवाद केला, तर शोकाकुल कुटुंबापुढे आपण नकळत कठोर ठरतो. म्हणून या शब्दाचा थोडा शोध घेणे अगत्याचे आहे.

‘चिअर’चे मूळ उत्तरकालीन लॅटिनमधील ‘कारा’, म्हणजे चेहरा. जुन्या फ्रेंचमधून तो मध्ययुगात इंग्रजीत आला. (आपला ‘चेहरा’ फारसीतून आलेला आहे, ध्वनिसाम्यापलीकडे या दोहोंचा संबंध नाही.) प्रारंभी त्याचा अर्थ केवळ मुख, मग मुखावरील भाव, आणि पुढे मनाची स्थिती. ही स्थिती बरी वा वाईट कोणतीही असे. म्हणूनच त्यास ‘गुड’ हे विशेषण जोडावे लागे. कालांतराने विशेषणावाचूनही तो उल्हासवाचक झाला.

१६११ च्या इंग्रजी बायबलात ‘गुड चिअर’ हे शब्द प्रभूच्या मुखी येतात ते कोठे? पक्षाघाती मनुष्यापाशी (मत्तय ९:२), वादळी समुद्रावर भ्यालेल्या शिष्यांपाशी (मत्तय १४:२७), आणि स्वतःच्या मरणाच्या आदल्या रात्री (योहान १६:३३). तिन्ही ठिकाणी मूळ ग्रीक क्रियापद ‘थार्सेओ’, म्हणजे धीर धरणे, हे आहे. प्रचलित मराठी बायबलाने येथे ‘धीर’ हाच शब्द योजला आहे, तो यथार्थ होय. प्रभू येथे हसण्याची आज्ञा करीत नाही. आपल्या सान्निध्याचा आधार देतो.

याउलट ‘प्रसन्न’ या अर्थाचा ग्रीक शब्द ‘हिलारोस’ नव्या करारात एकदाच येतो, आणि तो दात्याविषयी आहे (२ करिंथ ९:७). त्याचेच भाववाचक नाम रोमकरांस पत्रात दया करणाऱ्यास उद्देशून आले आहे (१२:८).

हा भेद आपण सेवकांनी ध्यानी घ्यावा. या वचनांत प्रसन्नता मागितली आहे ती देणाऱ्याकडून. दुःखिताला मात्र धीर दिला आहे. आपण पुष्कळदा नेमके उलट करतो : विधवेला हसतमुख राहण्याचा उपदेश करतो, आणि तिच्या दारी स्वतः कपाळाला आठ्या घालून, घाईघाईने जातो. पुढच्या खेपेस शोकगृही जाताना प्रसन्न मुद्रा आपली असावी, आणि तेथील अश्रूंना मोकळीक असावी.