शेतघराचे कुंपण आणि गावची पायवाट

मुंबई-ठाण्याचे पैसेवाले शहापूर, मुरबाडकडे शेतघरासाठी जमिनी घेतात, त्याला बरीच वर्षे झाली. गावकऱ्यांशी खटके उडतात ते बहुधा कुंपणावरून. सौदा कागदावर होतो. पण त्याच शेतातून पाड्यावरच्या बायका विहिरीवर जातात, गुरे रानात जातात. तारा ओढल्या की वाट बंद. त्यातून शहापूर तालुक्यात मुंबईला पाणी पुरवणारी भातसा, तानसा ही धरणे, आणि उन्हाळ्यात तिथल्याच पाड्यांना टँकर! मग नव्या मालकाची बोअरवेल डोळ्यांवर येणारच.

जुनी वहिवाट अडवली, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली गावकरी सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दाद मागू शकतो. म्हणून बयाणा देण्याआधी सातबाऱ्यावरील ‘इतर हक्क’ वाचावेत आणि जमीन पायी फिरून पाहावी. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीविना घेता येत नाही. खरेदीदार शेतकरी नसेल, तर १९४८ च्या कूळकायद्याचे कलम ६३ सहसा आड येते.

आखातात नोकरी करणाऱ्यांनी विशेष जपावे. १९९९ च्या फेमा कायद्याखाली अनिवासी भारतीयाला शेतजमीन किंवा शेतघर विकत घेता येत नाही. वारसाने मात्र मिळू शकते. भावाच्या नावावर घेऊन ठेवण्याची तोड पुष्कळजण काढतात. मग गावाशी नव्हे, घरातच तंटा लागतो.