एसी आणि गिझर कधी बदलायचे? गैरसमज आणि वस्तुस्थिती

फेब्रुवारी सरताना घरातला एसी कित्येक महिन्यांनी पुन्हा सुरू होतो आणि धड गार करत नाही. मेकॅनिक येतो, आउटडोअर युनिटकडे नजर टाकतो आणि सांगतो, "जुना झालाय, आता नवाच घ्या." उकाड्याच्या घाईत तीस-चाळीस हजारांचा निर्णय ऐकीव माहितीवर होतो. मग कधी दुरुस्त होणारं यंत्र भंगारात जातं, तर कधी धोकादायक झालेलं यंत्र 'चालतंय ना' म्हणून भिंतीवर तसंच राहतं. खरं तर बघायच्या गोष्टी तीनच आहेत: बिघाड नेमका कुठे आहे, यंत्र वर्षाला किती तास चालतं आणि ते सुरक्षित आहे का.

गैरसमज १: दहा वर्षं झाली की एसी बदलायलाच हवा.

वस्तुस्थिती: यंत्राचं आयुष्य वर्षांपेक्षा हवेवर आणि वापरावर ठरतं. अलिबाग-रत्नागिरीच्या खाऱ्या वाऱ्यात आउटडोअरच्या जाळीची पाती लवकर झिजतात. उघड्या नाल्याजवळच्या इमारतीत सांडपाण्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड तांब्याच्या नळ्या खातो आणि त्यांना बारीक छिद्रं पडतात. तेच मॉडेल पुण्यात वर्षाला दोनच महिने चालत असेल, तर दहाव्या वर्षीही ठणठणीत असू शकतं. म्हणून खरेदीच्या तारखेआधी यंत्राची अवस्था पाहा. पाती बोट लावताच चुरतात का, जोडांवर तेलाचे डाग आहेत का, आउटडोअर ज्यावर ठेवलं आहे तो स्टँड गंजला आहे का? हा स्टँड मात्र एसी बदला अथवा न बदला, गंजला असेल तर आधी बदला. खाली माणसं चालत असतात.

गैरसमज २: गॅस दर उन्हाळ्यात भरावाच लागतो.

वस्तुस्थिती: एसीतला गॅस बंद नळ्यांमध्ये फिरतो, तो वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता गॅस भरला, तर पैसे हवेत जातात आणि पृथ्वी तापवणारा वायूही हवेत जातो. योग्य पद्धत अशी: नायट्रोजन भरून दाब तपासायचा, साबणाच्या पाण्याने गळती शोधायची, ती बंद करायची, नळ्यांमधली हवा व्हॅक्युम पंपाने काढायची आणि मग वजन करून गॅस भरायचा. गळती नटाच्या जोडावर असेल तर दुरुस्ती स्वस्तात होते. कॉइलच जागोजागी सडली असेल, तर नव्या कॉइलचा खर्च आणि यंत्राची एकूण अवस्था ताडून पाहावी.

बऱ्याच जुन्या एसीत आर-२२ गॅस असतो. तो ओझोनच्या थराला घातक असल्याने भारतात १ जानेवारी २०२५ पासून नव्या यंत्रांच्या निर्मितीत त्याचा वापर बंद झाला आहे. दुरुस्तीसाठी तो अजून मिळतो, त्यामुळे केवळ आर-२२ आहे म्हणून चालता एसी काढण्याचं कारण नाही. मात्र अशा एसीचा कॉम्प्रेसर जळाला असेल, तर त्यात मोठा खर्च घालू नये. आर-२२ च्या यंत्रात आर-३२ किंवा आर-२९० भरून देतो असं कोणी म्हटलं, तर स्पष्ट नकार द्या. हे दोन्ही वायू ज्वलनशील आहेत, आणि आर-३२ चा दाब तर आर-२२ च्या दीडपटीहून अधिक असतो. जुनं यंत्र त्यासाठी बनलेलंच नाही.

गैरसमज ३: गार होत नाही, म्हणजे कॉम्प्रेसर गेला.

वस्तुस्थिती: आधी फिल्टर आणि कॉइलवरची धूळ पाहा. आउटडोअर नुसतं गुणगुणत असेल आणि कॉम्प्रेसर सुरू होत नसेल, तर साध्या एसीत बऱ्याचदा कपॅसिटर गेलेला असतो. हा सुटा भाग तुलनेने अगदी स्वस्त आहे. कॉम्प्रेसर गेल्याचं निदान झालं, तर मीटर लावून दाखवायला सांगा आणि दुसऱ्या मेकॅनिकचंही मत घ्या.

गैरसमज ४: आपला एसी फाइव्ह स्टार आहे, म्हणजे वीज कमीच खातो.

वस्तुस्थिती: ताऱ्यांचे निकष ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो वेळोवेळी कडक करतो. २०१८ मध्ये स्प्लिट एसीला पाच तारे मिळण्यासाठी आयएसईईआर ४.५० पुरत होता. हा हंगामभराच्या कार्यक्षमतेचा आकडा आहे. जुलै २०२२ पासून त्यासाठी ५.०० लागू झाला. म्हणजे ४.६० चा फाइव्ह स्टार एसी त्या मोजणीत फोर स्टार ठरला. दोन यंत्रांची तुलना करताना तारे मोजू नका, लेबलवरचा आयएसईईआर वाचा.

गैरसमज ५: नवा इन्व्हर्टर एसी घेतला की बिलातून पैसे वसूल होतात.

वस्तुस्थिती: लेबलवरचा वार्षिक वीजवापर १,६०० तासांवर काढलेला असतो. तुमचे तास किती, हे तुम्हीच मोजायला हवं. उदाहरणार्थ, नवा एसी जुन्यापेक्षा तासाला ०.६ युनिट वाचवतो, युनिटचा दर १२ रुपये आणि नव्याची किंमत ४०,००० रुपये आहे असं धरू. रोज ८ तास असे ९० दिवस एसी चालला, तर ४३२ युनिट, म्हणजे सुमारे ५,२०० रुपये वाचतात. किंमत जेमतेम आठ वर्षांत निघते. रोज ६ तास असे ४० दिवसच चालला, तर बचत सुमारे १,७०० रुपये होते आणि तेवीस वर्षं लागतात. पहिल्या घरात बदल विचार करण्याजोगा आहे. दुसऱ्या घरात फक्त बिलासाठी चालता एसी बदलणं तोट्याचं आहे.

हिशोबात दर कोणता धरायचा, हेही महत्त्वाचं. महावितरणच्या घरगुती दरात १००, ३०० आणि ५०० युनिटांवर टप्पे बदलतात. एसीची युनिटं नेहमीच्या वापरावर चढत असल्याने ती वरच्या टप्प्याच्या दराने पडतात. म्हणून बिलातला सरासरी दर न घेता उन्हाळ्यात गाठलेल्या सर्वांत वरच्या टप्प्याचा दर घ्या. आणि खरेदीआधी एक फुकटचा उपाय करा: तापमान एका अंशाने वाढवलं, तर ब्युरोच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ६ टक्के वीज वाचते.

गैरसमज ६: बदलतोच आहोत, तर मोठ्या टनाचा घ्यावा.

वस्तुस्थिती: गरजेपेक्षा मोठा एसी खोली झटपट गार करून थांबतो, पण हवेतला दमटपणा पुरेसा काढत नाही. मुंबई-कोकणात खरा त्रास त्याच दमटपणाचा असतो. खोलीचं क्षेत्रफळ, पश्चिमेची भिंत आणि वर स्लॅब तापतो का, हे पाहूनच टन ठरवा.

गैरसमज ७: गिझर पाणी तापवतोय, म्हणजे ठीक आहे.

वस्तुस्थिती: साठवणीच्या गिझरच्या टाकीत मॅग्नेशियमची कांडी असते. ती स्वतः झिजते आणि टाकीचं पोलाद वाचवते. बोअरच्या जड पाण्यात ती लवकर संपते आणि एलिमेंटवर क्षार साचतात. कांडी, एलिमेंट आणि थर्मोस्टॅट बदलता येतात, त्यासाठी नवा गिझर नको. टाकीच गळू लागली, तर मात्र बदलण्यावाचून पर्याय नाही. नळाला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर तत्काळ वीज बंद करा आणि अर्थिंग व एलिमेंट तपासून घेईपर्यंत गिझर लावू नका.

गॅस गिझरबाबत तडजोड नकोच. बंद बाथरूममध्ये त्यातून साचणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही आणि तो जीव घेतो. असा गिझर नवाकोरा असला, तरी आजच तिथून काढा.

जुना एसी देताना मेकॅनिककडून 'पंप डाऊन' करून घ्या, म्हणजे गॅस आउटडोअरमध्ये अडवला जाईल. मग तो भंगारवाल्याकडे न देता कंपनीच्या एक्स्चेंज योजनेत किंवा अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या. भंगारात नळी कापली की सगळा गॅस हवेत जातो.

हे सगळं मे महिन्यात, घामाघूम होऊन ठरवता येत नाही. एसीची तपासणी फेब्रुवारीत करा आणि गिझरची दिवाळीआधी. मेकॅनिककडून बिघाड, त्याचं कारण आणि खर्च कागदावर लिहून घ्या आणि त्याच्या शेजारी वर्षाचे तास मांडा. जिथे जिवाला धोका आहे तिथे एक दिवसही थांबू नका. बाकी ठिकाणी त्या कागदावरचे आकडे पाहून निवांत ठरवा.