सायलेन्सर कंपनीचा घ्यावा की बाजारचा?

मिरकरवाडा, राजिवडा भागातून मच्छी वाहणाऱ्या दुचाकीचे इंजिन ठणठणीत असते, पण सायलेन्सर सडलेला असतो. खारी हवा, वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरवर पाऊस आणि क्रेटमधून ठिबकणारे खारे पाणी बाहेरून पत्रा खातात. आतून तर वेगळेच चालू असते. एक लिटर पेट्रोल जळले की जवळपास तेवढेच पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. लांबच्या प्रवासात सायलेन्सर तापून ती वाफ निघून जाते. बंदर ते बाजार एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीत मात्र पाणी आतच साचते.

असा सायलेन्सर बदलायची वेळ आली की स्वस्त म्हणून बाजारचा माल घेण्याकडे आपला कल असतो. आमच्या मते आधी गाडीचे साल पाहावे. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला त्याच मापाचा, तितकाच शांत सायलेन्सर मिळाला तर काम भागते. परंतु १ एप्रिल २०२० पासूनच्या बी.एस.-६ गाड्यांची गोष्ट निराळी आहे. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर धुराच्या वाटेवरच बसवलेला असतो, आणि ऑक्सिजन सेन्सर त्या धुरावरून पेट्रोलचे प्रमाण ठरवतो. जोड सैल बसून सेन्सरच्या आधी बाहेरची हवा शिरली की त्याला पेट्रोल कमी पडल्यासारखे वाटते आणि गाडी जास्त पेट्रोल पिऊ लागते. सायलेन्सरवर वाचवलेले पैसे मग पंपावर जातात.

पुंगळी काढली की पिकअप वाढतो, असे तरुण ग्राहक सांगतात. रोजच्या वापराच्या शंभर-सव्वाशे सी.सी.च्या गाडीत वाढतो तो मुख्यतः आवाज! ८० ते १७५ सी.सी.च्या दुचाकीला कारखान्यातून निघताना ७७ डेसिबलची मर्यादा आहे, आणि दर तीन डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते.

कायदाही आता पूर्वीसारखा सैल नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आवाज व प्रदूषणाचे नियम मोडल्यास कलम १९०(२) खाली तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते, शिवाय तीन महिने लायसन्स जाते. ज्याचा धंदाच दुचाकीवर आहे, त्याला दंडापेक्षा हे तीन महिने जड जातील. राज्यात अनेक ठिकाणी पोलिसांनी जप्त केलेले कर्कश सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले आहेत. तो माल कोणीतरी पैसे मोजूनच घेतला होता.

गॅरेजवाल्या बांधवांना एक सांगणे आहे. जुना सायलेन्सर ग्राहकाला न विचारता भंगारात घालू नये. कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम हे मौल्यवान धातू अल्प प्रमाणात असतात, आणि लोखंडाच्या वजनाने विकल्यास त्यांचे मोल मिळत नाही. ग्राहकांनीही जुना माल परत मागून घ्यावा.

खरे तर पुष्कळदा नवा घेण्याची गरजच नसते. भोक मागच्या भागात असेल तर चांगला वेल्डर थिगळ लावून देतो. कन्व्हर्टरच्या आसपास सडले असेल तर मात्र कंपनीचाच घ्यावा, पक्के बिल घ्यावे आणि जोडाचे गॅस्केटही नवे टाकावे. बहुतेक सायलेन्सरला तळाशी पाणी निघायला बारीक भोक असते, ते चिखलाने बुजू देऊ नये. मच्छीची फेरी संपली की गाडी थंड झाल्यावर सायलेन्सर गोड्या पाण्याने धुवावा, आणि आठवड्यातून एकदा तरी गाडी हातखंब्यापर्यंत नेऊन नीट तापू द्यावी.