उघड्या पत्र्यावर रंग का धरत नाही?



माझ्या वडिलांची बदली चेन्नईजवळच्या आवडीला झाल्यापासून माझ्या सुट्ट्या तिकडेच जातात. नाव ऐकून गाव मराठी वाटेल, पण आवडी हे तमिळनाडूतले रणगाड्यांचे गाव आहे. आपला ‘विजयंता’ रणगाडा १९६५ पासून इथल्याच कारखान्यात तयार होऊ लागला. मात्र हा लेख रणगाड्यावर नाही. तो आमच्या जुन्या गाडीच्या मडगार्डवर आहे.

ते मडगार्ड एका गॅरेजमध्ये रंगवून घेतले होते. त्या दिवशी आरशासारखे चमकत होते. एका पावसाळ्यात त्याला फुगे आले, आणि नखाने टोकरले की रंगाचा पापुद्रा निघून खाली तांबडा गंज दिसू लागला. शेवटी पत्र्याला भोक पडले. मग बाबांनी पुदुपेट्टैहून दुसरे मडगार्ड आणले. जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळण्यासाठी चेन्नईत हा भाग प्रसिद्ध आहे. या वेळी काम आमच्या ओळखीच्या एका पेंटर अण्णांनी केले आणि मी तीन दिवस त्यांच्या हाताखाली होतो. त्यांनी केलेल्या प्रत्येक गोष्टीमागचे कारण मी नंतर विज्ञानाच्या पुस्तकात शोधले. तेच इथे मांडत आहे.

गंज चढायला लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एवढे पुरते. पत्र्याचा एक भाग धनाग्र होतो, दुसरा ऋणाग्र, आणि मधले ओले थर विद्युत अपघटनीचे काम करतात. पाण्यात मीठ असेल तर वीज अधिक सहज वाहते आणि क्षरण वाढते. चेन्नई समुद्राकाठी आहे, हवा दमट आणि खारी. त्यामुळे तिथे उघडा पत्रा रात्रभर ठेवला, तर सकाळी त्यावर तांबूस झाक दिसू शकते. तमिळमध्ये गंजाला ‘तुरु’ म्हणतात. अण्णांच्या तोंडी दिवसभर हाच शब्द होता.

आता मूळ प्रश्न. रंग चिकटण्यासाठी तो थेट धातूला टेकला पाहिजे. पत्र्यावर तेलाचा थर असेल तर रंग तेलाला चिकटतो, गंज असेल तर गंजाला. गंज स्वतःच सुटा, भुसभुशीत असतो आणि मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. म्हणून तो वाढला की वरचा रंग उचलला जातो. फुग्यांचे कारण तर आपण जीवशास्त्रात शिकलो आहोत : परासरण. रंगाखाली मिठाचे कण राहिले, तर रंगाचा थर पडद्यासारखा वागतो आणि बाहेरचे पाणी आत ओढले जाते. आमच्या पहिल्या मडगार्डवरचे फुगे असेच आले असावेत.

यासाठी काम क्रमानेच करावे लागते.

पहिले काम म्हणजे तेल काढणे. पॉलिश पेपर त्यानंतर. आधी घासले तर तेल ओरखड्यांत आणखी खोल बसते. एका फडक्याने थिनर लावायचे आणि ते वाळण्याआधी दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचे. एकच फडके फिरवत राहिलो तर तेल निघत नाही, फक्त पसरते.

दुसरे काम गंज काढण्याचे. मशीनवरचा तारेचा ब्रश पत्रा चकचकीत करतो, पण खड्ड्यांतला गंज तसाच राहतो आणि गुळगुळीत झालेल्या पत्र्यावर रंगाला पकड मिळत नाही. म्हणून ८० नंबरच्या पेपरने गंज काढायचा आणि शेवटी १८० नंबरने एकसारखे बारीक ओरखडे पाडायचे. याच ओरखड्यांत प्रायमर रुततो.

तिसरे काम खड्ड्यांत उरलेल्या गंजाचे. त्यासाठी फॉस्फरिक आम्ल असलेले द्रावण लावतात. ते गंजाशी अभिक्रिया करून लोहाचे फॉस्फेट बनवते. नंतर डब्यावर लिहिल्याप्रमाणे ते स्वच्छ धुवायचे, कारण आम्ल मागे राहिले तर इपॉक्सी प्रायमर नीट सुकत नाही. धुण्यामुळे मीठही निघून जाते.

धुतानाच एक सोपी परीक्षा होते. पाणी पत्र्यावर अखंड चादरीसारखे पसरले तर तो स्वच्छ आहे. कमळाच्या पानावर जमतात तसे थेंब जमले तर तेल अजून शिल्लक आहे, पुन्हा पहिल्यापासून. आमचे मडगार्ड दुसऱ्या खेपेला पास झाले. यानंतर पत्र्याला उघडा हात लावायचा नाही. घामात मीठ असते, आणि मे महिन्यात चेन्नईत घामाला तोटा नाही! हातमोजे घालूनच काम करावे.

चौथे काम लगेच वाळवणे आणि त्याच दिवशी प्रायमर मारणे. इथे हवामान पाहावे लागते. पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश सेल्सिअसने जास्त असावे, नाहीतर डोळ्यांना न दिसणारे दव पत्र्यावर बसते. म्हणून अण्णा पहाटे किंवा पावसाळी संध्याकाळी रंग मारत नाहीत. चेन्नईत मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतो. त्या महिन्यांत ते उघड्या पत्र्याचे काम शक्यतो घेत नाहीत.

प्रायमरचे दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा चांगले. जाड थर वरून सुकतो आणि आत ओला राहतो. साधा रेड ऑक्साइड प्रायमर मारून वस्तू महिनाभर उघड्यावर ठेवणेही चूक, कारण त्यातून ओलावा आत जातो. तो शेवटच्या रंगाखाली झाकायलाच हवा.

मोटारींच्या कारखान्यांत हेच काम मोठ्या हौदांमध्ये होते. गाडीचा सांगाडा धुतात, त्यावर जस्त फॉस्फेटच्या बारीक स्फटिकांचा थर चढवतात आणि मग तो प्रायमरच्या हौदात बुडवून विद्युतप्रवाह सोडतात. सांगाडा स्वतःच ऋणाग्र असतो, त्यामुळे कोपऱ्याकोपऱ्यांत प्रायमर ओढला जातो. मग तो भट्टीत भाजतात. फॉस्फेटची युक्ती जुनी आहे. १९०६ मध्ये इंग्लंडमध्ये थॉमस कॉस्लेट यांनी तिचे पेटंट घेतले. पुढे अमेरिकेत ती ‘पार्करायझिंग’ नावाने शस्त्रांसाठी वापरली गेली. दुसऱ्या महायुद्धातल्या एम-१ गरँड रायफलचा मंद राखाडी रंग त्याचाच. दिल्लीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षे टिकला, त्यामागेही त्याच्या लोखंडातले फॉस्फरस आणि पृष्ठभागावर तयार झालेला फॉस्फेटचा थर असल्याचे आयआयटी कानपूरच्या प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवले.

रंग धरला की नाही हे पाहण्याचीही रीत आहे. त्याच पद्धतीने रंगवलेल्या एका टाकाऊ तुकड्यावर, रंग पूर्ण सुकल्यावर, ब्लेडने सहा उभ्या आणि सहा आडव्या रेघा मारायच्या. पंचवीस चौकोन तयार होतात. त्यांवर चिकटपट्टी दाबून ओढायची. एकही चौकोन निघाला नाही तर गुण शून्य, आणि इथे शून्य म्हणजे पहिला नंबर. सर्वांत वाईट गुण पाच.

सावधगिरीही सांगतो. थिनर पेट घेतो, म्हणून मोकळ्या हवेत आणि आगीपासून दूर काम करावे. घासताना मास्क आणि चष्मा लावावा. गाडीच्या शेवटच्या रंगाचे स्प्रे काम जाणत्या पेंटरकडेच द्यावे, कारण काही रंगांची वाफ फुप्फुसांना घातक असते.

तीन दिवसांपैकी शेवटच्या रंगाला जेमतेम दोन तास लागले. बाकीचा सगळा वेळ नंतर कुणाला न दिसणाऱ्या कामात गेला. मडगार्ड सडले तर बदलता येते. पण गाडीच्या तळाचा पत्रा किंवा सीटबेल्ट जिथे बसवलेला असतो ती जागा रंगाआड सडली, तर अपघातात प्रश्न जिवाचा होतो.

आपल्या मैदानावरच्या अडथळ्यांच्या लोखंडी पाइपांना दरवर्षी वार्षिक दिनाआधी रंग दिला जातो. त्यांना आपण सगळे लटकतो. यंदा ब्रश हातात घेण्यापूर्वी एक दिवस पॉलिश पेपरला देऊ या, आणि पुढच्या वर्षी चिकटपट्टी लावून पाहू या.

जय हिंद!