नेढ्याचं घराणं

मशिनची चाचणी शुक्रवारी दुपारीच आटोपली आणि परतीची गाडी शनिवारी संध्याकाळची होती. चाकणच्या कारखान्यासाठी घेतलेल्या मशिनची पाहणी करायला आम्ही तिघं जपानच्या इशिकावा प्रांतात गेलो होतो. बाकीचे दोघं कानाझावाचा किल्ला बघायला निघाले, मी गळ घ्यायला निघालो.

कामासाठी परगावी गेलो की मी मासेमारीच्या सामानाचं दुकान शोधतो. ही सवय जुनी आहे आणि तिनं मला खूप दिलंय. भिंतीवर टांगलेल्या गळांवरून त्या मुलखाचं पाणी ओळखता येतं. ते वाहतं की साचलेलं, खोल की उथळ, तिथला मासा आमिष हिसकतो की ओठानं चाखून सोडतो, हे सगळं गळाच्या वाकात आणि तारेच्या जाडीत उतरलेलं असतं. कानाझावात मला जायचं होतं ते ‘मेबोसो हाचिरोबेई’ या दुकानात.

हे दुकान १५७५ सालचं. शिवरायांच्या जन्माच्या पंचावन्न वर्षं आधीचं. ज्या माएदा घराण्यानं पुढे या शहरावर पिढ्यान् पिढ्या राज्य केलं, ते कानाझावाच्या किल्ल्यात आलं १५८३ मध्ये, म्हणजे दुकानानंतर आठ वर्षांनी. सुरुवातीला इथे गळ नव्हते, शिवणाच्या सुया होत्या. या घराच्या मूळपुरुषानं सुईचं नेढं असं घडवलं की दोरा सहज ओवला जावा. सुया इतक्या नावाजल्या की माएदा सरदारांनी घराला ‘मेबोसो’ हे नाव दिलं. ‘मे’ म्हणजे डोळा, ‘होसोई’ म्हणजे बारीक. सुईच्या भोकाला ते डोळा म्हणतात, आपण नेढं म्हणतो. राजगडाच्या सुवेळा माचीवरचं नेढं पाहिलेल्याला त्या शब्दाचं वजन वेगळं सांगायला नको. पुढे इथल्या गल्लीलाही या घराचंच नाव पडलं.

सुईवाला गळाकडे वळला यात नवल नाही. दोन्हीचं मर्म एकच, पोलादाला पाणी देणं. पाणी जास्त झालं तर तार काडीसारखी तुटते, कमी पडलं तर मासा ओढतो आणि गळ सरळ होऊन हाती येतो. इंग्लंडमधलं रेडिच हे सुयांचं गावही याच वाटेनं गळांचं गाव झालं. कानाझावात मात्र या वाटेवर सामुराई भेटतात. माएदांचं कागा हे जपानमधलं सर्वात श्रीमंत संस्थान, तांदळाच्या मापात दहा लाख कोकूंपेक्षा जास्त उत्पन्नाचं. एवढ्या बलाढ्य संस्थानानं उघडपणे युद्धाचा सराव केला असता तर शोगुनच्या मनात संशय आला असता. म्हणून सामुराईंना नदीत उभं करून मासे धरायला लावलं, असं सांगतात. साई आणि आसानो या शहरातल्या दोन नद्या. वाहत्या पाण्यात तासन् तास पाय रोवून उभं राहायचं आणि लक्ष दोरीच्या टोकाशी ठेवायचं. ज्यानं कधी पवनेच्या धारेत अर्धा तास जरी गळ धरलाय, त्याला ही कवायत किती कसाची आहे ते कळेल. मेइजी काळात सामुराईंचे मान गेले, हा छंद सामान्यांना खुला झाला आणि काउंटरपुढची माणसं बदलली.

इथले गळ म्हणजे पिसं बांधून केलेले नकली किडे, आणि त्यांचा मासा आयू. जेमतेम वर्षभर जगणारा, अंगाला काकडीसारखा वास असलेला. मोठा आयू दगडावरचं शेवाळ खरवडून खातो, आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांतला मळ्या खातो तसंच. मग शेवाळ खाणाऱ्याला पिसांचा किडा कशाला दाखवायचा? कारण लहानपणी आयू पाण्यातले किडेच खात असतो आणि मोठेपणीही ती ओढ पुरती सुटत नाही. पिसांचा गळ डोहात सोडायचा, हळू वर घ्यायचा, पुन्हा खाली सोडायचा. सारी करामत माशाच्या त्या जुन्या सवयीवर आहे.

दुकानातल्या बाईंनी एक गळ पांढऱ्या कागदावर ठेवला आणि भिंग माझ्याकडे सरकवलं. लांबी सेंटिमीटरभर. एवढ्याशा तारेवर पिसाचे एकेक तंतू रेशमी धाग्यानं गुंडाळलेले, फेऱ्याला फेरा लागून, मधे केसाइतकीही फट नाही. डोक्याशी उरुशी झाडाच्या चिकाचा बारीक मणी आणि त्यावर सोन्याचा वर्ख. जपानमधला जवळजवळ सगळा वर्ख याच शहरात ठोकला जातो, त्यामुळे तो इथे गळावरही यावा हे साहजिकच. मी मायक्रॉनमध्ये बोलणाऱ्या धंद्यातला माणूस, पण हातानं बसवलेले असे सारखे फेरे मी क्वचितच पाहिलेत.

मग दोन गोष्टी ध्यानात आल्या. गळाला उलटा काटा नव्हता आणि दोरी ओवायला नेढंही नव्हतं. दोरी तारेलाच बांधायची आणि बांधणीत लपवायची. नेढ्यावरून ज्या घराला नाव पडलं, त्या घराच्या गळाला नेढंच नाही! मी खुणेनं विचारलं तेव्हा त्या हसल्या आणि शेजारच्या कप्प्यातली शिवणाची सुई काढून गळाच्या बाजूला ठेवली. ती अजून विकली जाते.

आयूच्या गळांना नावंही असतात. एक ‘ओसोमे’, जुन्या नाटकातली प्रेमिका. एक ‘काळोखातला कावळा’, एक ‘निळा सिंह’. पाणी गढूळ की निवळ, आभाळ भरलेलं की ऊन, यावर आज कोण हे ठरतं. गिऱ्हाईक आधी नदीबद्दल बोलतं आणि मग पेटीला हात लावतं. मला हे फार आवडतं. गुंडाळलेल्या प्लास्टिकच्या पाकिटातला गळ कुठल्याच नदीचा नसतो.

आता दुकानात पिसांची कानातली आणि ब्रोचही आहेत. काहींना यात परंपरेची घसरण दिसेल, मला नाही दिसत. तीच पिसं, तोच रेशमी धागा, तीच बोटं. नदीवर जाणारे कमी झाले तरी बोटं कामात राहिली, तर पुढच्या माणसाला गाठ शिकता येईल.

मी तीन गळ घेतले आणि चेक-इनच्या बॅगेत कपड्यांच्या मधे ठेवले. टोकदार वस्तू हातातल्या बॅगेत नेऊन सुरक्षातपासणीत अडकायचं नाही, हा माझा नेम आहे.

गणपतीत देवगडला मामांकडे गेलो तेव्हा एक त्यांच्या तळहातावर ठेवला. मामा साठ वर्षं गरवतायत. त्यांनी तो उजेडाकडे धरला, पिसं हलकेच फुंकरून पाहिली.

“हिका काटो खंय?”

“नाही मामा. काटा ठेवतच नाहीत.”

“मगे मासो सुटाचो नाय?”

“दोरी ताठ ठेवायची. ढिली सोडली तरच सुटतो.”

मामांनी उत्तर दिलं नाही. टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून हळूच ओढलं. बोथट गळ नखावरून घसरतो. हा जागच्या जागी रुतला.

“ही धरतली,” मामा म्हणाले आणि गरी माझ्याकडे परत दिली नाही.