पारावरची रिकामी जागा

दसरा-दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातील अनेक गावे निम्मी रिकामी होतात. लेक-सुना ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि शाळकरी नातवंडे. हा एकटेपणा जुनाच. पण त्यावर उतारा होता. सकाळचा पार, संध्याकाळचे भजन, आठवडी बाजार, आषाढीची वारी.

मार्च २०२० मध्ये तो उताराच बंद झाला. मंदिरांना कुलपे लागली, एसटी थांबली. सलग दोन वर्षे संतांच्या पादुका वाहनाने पंढरपुरास गेल्या. पायी वारी पुन्हा निघाली ती २०२२ मध्ये. बाजारही भरू लागले. परंतु कुणाचा जोडीदार गेला होता, कुणाचा पारावरचा सोबती; कुणाचे गुडघे बसून बसून आखडले होते. अशी माणसे घरातच राहिली.

आपल्या घरी असे कुणी असेल, तर ‘आता वय झाले’ म्हणून सोडून देऊ नका. उतारवयातील नैराश्य ‘मी दुःखी आहे’ असे क्वचितच सांगते. ते अंगदुखी, मंदावलेली भूक, पहाटेची जाग, चिडचिड, विसराळूपणा अशा रूपांनी येते. आवडत्या गोष्टींतला रस दोन आठवडे उलटूनही परतला नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. थायरॉईडचे विकार, ‘ब१२’ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा चालू असलेली काही औषधे यांनीही अशी लक्षणे दिसतात. कान आणि डोळेही तपासावेत. ज्याला ऐकू येत नाही, तो बैठकीतून हळूहळू दूर होतो.

औषधोपचाराच्या जोडीला माणसांची सोबत हवी. ‘जरा बाहेर जा’ एवढे सांगणे पुरत नाही, कारण या आजारात उमेदच आटते. वार व वेळ ठरवा आणि पहिले काही दिवस कुणीतरी बरोबर जा. नातवंडे सांभाळणे ही जबाबदारी आहे. समवयस्कांच्या गप्पांची जागा ती घेऊ शकत नाही. एसटीत ७५ वर्षांवरील नागरिकांना मोफत आणि ६५ ते ७५ वयोगटाला अर्ध्या तिकिटात प्रवास करता येतो. त्याचा लाभ नातलगांच्या भेटीसाठी घ्यावा.

आपण फडावर असाल, तर फोनची वेळ ठरवून घ्या. ‘जेवलात का?’ यापुढे जाऊन ‘आज कोण भेटले?’ असेही विचारा. शेजाऱ्याला रोज डोकावून जाण्याची विनंती करा.

‘आता जगून काय करायचे?’ हे शब्द कधीही हसण्यावारी नेऊ नका. अशा वेळी त्यांना एकटे ठेवू नये, कीटकनाशके कुलपात ठेवावीत आणि त्याच दिवशी मदत मिळवावी. ‘टेली मानस’चा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य उपलब्ध आहे. बीडचे जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय येथे मानसोपचारासाठी जाता येईल. सुरू केलेली औषधे गुण दाखवायला काही आठवडे घेतात. ती मनाने बंद करू नयेत.

आणि आजोबा, आजी, आपण स्वतः हे वाचत असाल, तर उद्या पारापर्यंत जाऊन या. तिथेही कुणीतरी आपल्यासारखेच सोबतीच्या शोधात असेल.